वाचकांचे प्रश्न : तेमुजिन हरला असता तर?

मागच्या अंकात चंगीझखानाच्या, म्हणजे मूळच्या तेमुजिनच्या, उदयावर लेख आला होता. १२०६ साली ओनोन नदीच्या उगमाजवळ भरलेल्या कुरुलताईने, म्हणजे सरदारांच्या सभेने, त्याला खान केलं, तिथे तो लेख संपला. त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांत एकच शंका फिरून फिरून आली आहे : तेमुजिनच्या जागी त्याच्याच एखाद्या प्रतिस्पर्ध्याने मंगोल पठारावरच्या टोळ्या एका छत्राखाली आणल्या असत्या तर? निवडक पत्रं आणि आमची उत्तरं पुढे देत आहोत. पत्रलेखकांची नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न : आमच्या वाचनालयाचं हस्तलिखित दिवाळीला निघतं. यंदा 'जमुखा जिंकला' अशी कल्पित इतिहासाची कथा घ्यायचं ठरलंय. जमुखाला टोळ्या एकत्र करता आल्या असत्या, हे वाचकाला पटेल का? (वाचनालय कार्यकर्ते, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : पटेल. जमुखा हा तेमुजिनचा मानलेला भाऊ, पुढे त्याचा प्रतिस्पर्धी, आणि टोळ्या एकत्र करणं त्याने एकदा करून दाखवलं होतं. १२०१ साली एर्गुने नदीकाठी तातार, मेर्किट, ताइचिउद, ओइरात, खोंगिराद, नायमानांची एक शाखा अशा दहा-अकरा गटांचे सरदार जमले, घोडा-घोडी कापून शपथ घेतली आणि जमुखाला 'गुरखान', म्हणजे सगळ्या टोळ्यांचा खान, केलं. म्हणजे तेमुजिनच्या राज्यारोहणाच्या पाच वर्षं आधी. तुमची खरी अडचण पुढे आहे. ही एकी एका लढाईपुरतीच टिकली. कोयितेनच्या रणात जमुखाच्या बाजूच्या दोघा सरदारांनी मंत्राने वादळ उठवलं आणि ते उलटून त्यांच्याच फौजेवर आलं, माणसं घळींत कोसळली, असं मंगोलांचा 'गुप्त इतिहास' सांगतो. वादळाचं सोडा, त्यानंतर जे झालं ते जास्त बोलकं आहे. फौज पांगल्यावर परतीच्या वाटेवर जमुखाने, ज्यांनी त्याला गुरखान केलं त्यांचेच तळ लुटले.

त्यामुळे 'वाऱ्याची दिशा बदलली आणि जमुखा जिंकला' एवढ्यावर कथा उभी केलीत तर तो फक्त तो दिवस जिंकतो. महिनाभरात त्याचे मित्रच त्याला सोडून जातील. एकी टिकवायची असेल तर तीन भोकं बुजवावी लागतील.

पहिलं भोक लुटीचं. या पठारावर लढाई मध्येच सुटायची ती लुटीपायी. शत्रूचा तळ दिसला की प्रत्येक सरदार आपल्या माणसांना गुरं आणि तंबू गोळा करायला लावायचा, पळालेला शत्रू तेवढ्यात सावरून उलटायचा. तेमुजिनने १२०२ साली तातारांवर चालून जाताना हुकूम काढला : लुटीसाठी कुणी थांबायचं नाही, जिंकल्यावर वाटणी एकत्र होईल, आणि मागे रेटले गेलो तर जिथून निघालो त्या जागी परत उभं राहायचं, नाही राहिला त्याचं डोकं जाईल. आल्तान, खुचार आणि चुलता दारिताई या तिघांनी, म्हणजे घरच्याच वडीलधाऱ्यांनी, हुकूम मोडला. तेमुजिनने त्यांची लूट काढून घेतली. दुखावलेले हे तिघे त्याला सोडून गेले, तरी त्याने हुकूम सोडला नाही.

दुसरं भोक, टोळी तशीच्या तशी राहण्याचं. जमुखाकडे आलेला सरदार आपली माणसं घेऊन आला होता. मन फिरलं की तीच घेऊन परत जाऊ शकत होता. तेमुजिनने १२०६ साली ९५ हजारी पथकं केली आणि मोडलेल्या टोळ्यांची माणसं त्यांत विखुरली. दहा, शंभर, हजार ही मोजणी त्याने शोधली नाही, ती स्टेपमध्ये, म्हणजे मध्य आशियाच्या गवताळ मैदानात, हूण-शिओंग्नूंच्या काळापासून चालत होती. त्याने केलं ते एवढंच की दहांच्या गटात भावकी ठेवली नाही.

तिसरं भोक कुळाचं. जमुखा जदरान. त्या कुळाचा मूळपुरुष बोर्जिगिनांच्या, म्हणजे तेमुजिनच्या कुळाच्या, पूर्वजाने पकडून आणलेल्या गर्भार बाईचा मुलगा, अशी कथा बोर्जिगिन सांगत. आपल्याकडे भावकीत असला टोमणा किती पिढ्या पुरतो हे वेगळं सांगायला नको.

आता गंमत अशी की ही भोकं बुजवणारा जमुखा हा सरदारांनी निवडलेला जमुखा उरत नाही. त्यांनी त्याला निवडलं ते तो आपल्या कारभारात हात घालणार नाही या खात्रीवर. कथेतला झगडा इथे आहे, रणांगणावर नाही. कोयितेनच्या आदल्या रात्री लुटीच्या वाटणीचा नियम जमुखाच्या तोंडी घाला आणि तातार सरदाराला उठून जाऊ द्या की थांबू द्या, ते तुम्ही ठरवा.

एक सावधगिरी. तेमुजिनशी झालेल्या दालन बाल्जुतच्या लढाईनंतर (सुमारे ११८७) जमुखाने ७० कढयांत कैदी उकळले, हा प्रसंग जवळपास प्रत्येक लेखक घेतो. 'गुप्त इतिहास' चंगीझखानाच्या घराण्यासाठी लिहिलेला आहे. रशीद-उद-दीनच्या फारसी इतिहासात तीच लढाई तेमुजिन जिंकतो आणि कढया त्याच्याच नावावर आहेत. जमुखाला राक्षस करायचा असेल तर ही दुसरी बाजू माहीत असू द्या.

प्रश्न : इतिहासाला वळण द्यायला नेमका क्षण कोणता घ्यावा? आमच्यात १२०१ आणि १२०४ असे दोन तट पडलेत. (माध्यमिक शिक्षक, ता. मेहकर, जि. बुलढाणा)

उत्तर : आम्ही तिसरं साल घेऊ, १२०३. आणि नायक जमुखा नाही, केराइत टोळीचा वांग खान.

वांग खान म्हणजे तोघ्रुल. तेमुजिनच्या बापाचा मानलेला भाऊ, तेमुजिनचा वर्षानुवर्षांचा पाठीराखा. ११९६ साली उत्तर चीनच्या जिन घराण्याला तातारांविरुद्ध मदत केली म्हणून त्यांनी त्याला 'वांग', म्हणजे राजा, ही पदवी दिली. तेमुजिनला त्याच मोहिमेत किरकोळ लष्करी किताब मिळाला. तूल आणि ओर्खोन नद्यांचं खोरं, म्हणजे पूर्वीच्या तुर्क आणि उइगुर खानांच्या राजधानीचा मुलूख, केराइतांच्या हातात होता. स्वतःची १,००० जणांची दिवसपाळीची पहारेकरी फौज होती. मंगोल पठारावर कुणी राज्य स्थापेल असं त्या काळच्या शहाण्या माणसाला विचारलं असतं तर त्याने याचंच नाव घेतलं असतं.

१२०३ साली वांग खानाचा मुलगा सेंगुम याने सोयरिकीचं आमंत्रण देऊन तेमुजिनला पकडायचा बेत केला. तो फसला, तेव्हा पहाटे वेढा घालायचं ठरलं. येके चेरेन नावाचा सरदार त्या मसलतीहून घरी आला आणि बायकोशी बोलून गेला : ही बातमी तेमुजिनला नेऊन देणाऱ्याला काय नाही मिळणार! घोडीचं दूध घेऊन दाराशी आलेला गुराखी बदाई याने ते ऐकलं. त्याने जोडीदार किशिलिकला सांगितलं. किशिलिक खात्री करायला गेला तर सरदाराचा मुलगा बाहेर बसून बाण घासत होता, आणि त्याने वर हुकूम सोडला की दोन चांगले घोडे रात्रीच बांधून ठेव, पहाटे निघायचंय. दोघांनी आपल्या तंबूत एक कोकरू मारलं, सरपण नव्हतं म्हणून निजायच्या बाजेची लाकडं जाळून ते शिजवलं, तेच बांधून ठेवलेले दोन घोडे घेतले आणि रात्रीतून तेमुजिनचा तळ गाठला.

बदाई दूध घेऊन तासभर उशिरा आला, एवढंच बदला. तेमुजिन पहाटे झोपेत सापडतो. वळणबिंदू असाच लहान हवा. घटना लहान, परिणाम मोठा, आणि बाकी जगातलं काहीही हलवायची गरज नाही. १२०४, म्हणजे नायमानांशी झालेली लढाई, घेतलंत तर तोवर तेमुजिनने केराइत गिळलेले असतात, मग त्याला हरवायला फार उचलाउचल करावी लागते.

हे फार सोपं वाटत असेल तर त्याच सालचा दुसरा क्षण आहे. बातमी मिळाल्यामुळे तेमुजिन निसटला आणि कालाकाल्जिदच्या वाळवंटात लढाई झाली. केराइतांच्या पथकांमागून पथकं येत होती; तेवढ्यात सेंगुम स्वतः घुसला आणि तेमुजिनचा सरदार जुर्चेदेई याचा बाण त्याच्या गालात लागला. केराइत त्याच्याभोवती गोळा झाले, रेटा थांबला. तरीही त्यानंतर तेमुजिनने माणसं मोजली ती २,६०० भरली. बाण वीतभर बाजूने गेला असता तर ही मोजणी झालीच नसती. त्याच लढाईआधी वांग खानाने सैन्याची सूत्रं जमुखाला देऊ केली होती. जमुखाने ती घेतली नाहीत, उलट केराइतांची पथकं कोणत्या क्रमाने येणार ते तेमुजिनला कळवलं. तोही एक धागा आहे.

इथून पुढे कल्पना. वांग खान जिंकला तर एकी होईल, पण वेगळ्या जातीची. तो टोळ्या मोडणार नाही, सरदारांना ठेवील आणि त्यांच्या डोक्यावर बसेल. जिनकडून पदव्या, रेशीम आणि धान्य घेईल, कारण त्याची सत्ता तशीच वाढली होती. जिनचं धोरण कायम एका टोळीला दुसरीवर घालायचं. वांग खान डोईजड झाला की ते नायमानांना जवळ करतील. आणि वारशाचा प्रश्न आहेच. त्याने स्वतः भावांना मारून गादी घेतली होती. एक भाऊ नायमानांकडे पळाला, आणि त्या भांडणात वांग खानाला एकदा पाच शेळ्यांचं दूध आणि उंटाचं रक्त पिऊन वाळवंट ओलांडावं लागलं होतं. म्हातारा गेला की सेंगुम एकीकडे आणि चुलता जाखा गांबू दुसरीकडे. आमच्या मते ही एकी दहा-पंधरा वर्षांच्या वर टिकत नाही.

जाखा गांबूवरून आठवलं : त्याची मुलगी सोर्घाघतानी हिचं खऱ्या इतिहासात तेमुजिनच्या धाकट्या मुलाशी, तोलुईशी लग्न झालं, आणि मोंगके, कुबलाई, हुलागू ही तिची मुलं. केराइत जिंकले तर हे लग्न होत नाही. कथेत १२५८ सालचा बगदादचा विध्वंस 'हुलागूने' केलेला दाखवाल तर चाणाक्ष वाचक तिथेच पकडेल.

प्रश्न : मी मेंढरंवाला माणूस हाओ. तुमच्या मांगच्या अंकात वाचलं का एका सैनिकाजोळ चार-चार घोडे राहे. आमाले उन्हाळ्यात दोनशे मेंढरं पोसाले नाकीनऊ येते, तं चाळीस हजार घोडे कायच्यावर जगे? हिशेब सांगा. (ता. बार्शिटाकळी, जि. अकोला)

उत्तर : हा प्रश्न कथा लिहिणाऱ्यांना पडत नाही, म्हणून त्यांच्या फौजा हवेवर चालतात. हिशेब असा.

मंगोल घोडा लहान. खांद्यापाशी चार ते साडेचार फूट, वजन २५० ते ३०० किलो. वजनाच्या दोन-सव्वादोन टक्के सुका चारा धरला तर दिवसाला सहा-साडेसहा किलो. दहा हजार स्वार, प्रत्येकी चार घोडे, म्हणजे ४०,००० घोडे. साडेसहा किलोने दिवसाला २६० टन. कुरणात हेक्टरी ५०० किलो सुकं गवत आणि त्यातलं निम्मंच खाल्लं जातं असं धरा (निम्मं तुडवलं जातं किंवा पुढच्या हंगामासाठी राहायला हवं), तर एका दिवसाला हजार हेक्टरच्या वर, म्हणजे अडीच हजार एकर, फस्त. पाणी घोड्यामागे २५ लिटर धरलं तरी दिवसाला दहा लाख लिटर. विहिरीवर हे भागत नाही. नदी हवी, नाहीतर बर्फ.

म्हणून दहा हजारांची फौज एका जागी तळ देत नसे. हजार-हजारांची पथकं पसरून चालत, म्हणजे प्रत्येकाला रोज शंभर हेक्टरच लागतात. कथेत सगळ्या टोळ्या एका माळावर पंधरा दिवस बसवल्यात तर घोडे खंगायला लागतील.

तुमच्या भाषेतला हिशेबही आहे. मंगोलियात जनावरं मेंढीच्या मापात मोजतात : घोडा ७ मेंढ्या, गाय ६, उंट ५, शेळी ०.९. म्हणजे ४०,००० घोडे हे चरण्याच्या दृष्टीने २,८०,००० मेंढ्यांचं खांड. शिवाय सैनिकांच्या घरच्या मेंढ्या वेगळ्या, त्या मागे बायका-मुलं सांभाळत.

तुमच्या आणि त्यांच्या कामात मोठा फरक हिवाळ्याचा. तुम्ही उन्हाळ्यात पाण्याच्या मागे मेंढ्या नेता, शेतात बसवता, शेतकरी त्याचे पैसे-धान्य देतो. तिथे कोरडा चारा साठवायची रीत जवळपास नव्हती. हिवाळ्यात घोडा खुराने बर्फ उकरून खालचं गवत खातो, मागून मेंढ्या उघडं पडलेलं खातात; गाईला ते जमत नाही, ती आधी मरते. हिवाळ्यात चारा न मिळून जनावरं मरतात त्या संकटाला झुद म्हणतात : बर्फ फार पडलं तर पांढरा झुद, मुळीच पडलं नाही आणि पाणी मिळालं नाही तर काळा झुद. मध्येच वितळून वर काचेसारखा थर गोठला तर लोखंडी झुद. मेंढीचं खूर त्यातून जात नाही. २००९-१० च्या झुदात मंगोलियात ८० लाखांहून अधिक जनावरं मेली.

मोहीम कधी काढायची तेही यावरून ठरतं. वसंतात घोडे हाडं दिसण्याइतके वाळलेले असतात. शरद ऋतूत गवत खाऊन भरतात, तेव्हा निघायचं. तेमुजिन १२०४ साली नायमानांवर निघाला तो उन्हाळ्याच्या सुरुवातीला, घोडे अजून सावरले नव्हते. त्याचा एक खोगीर घातलेला मरतुकडा घोडा नायमानांच्या हाती लागला आणि त्यांना पत्ता लागला. तेमुजिनने वेळ काढायला माळावर तळ पसरला आणि प्रत्येक माणसाला रात्री पाच-पाच शेकोट्या पेटवायला लावल्या, फौज मोठी दिसावी म्हणून. नायमानांचा तायांग खान मात्र बरोबर बोलला होता : आपण अल्ताई ओलांडून मागे हटू, त्यांचे वाळलेले घोडे दमतील, मग उलटून मारू. त्याचा मुलगा कुचलुग आणि सरदार यांनी त्याला बायकी म्हणून हिणवलं. चिडून तो लढाईला उतरला आणि मेला. आमच्या मेहकरच्या शिक्षकांना १२०४ हवंच असेल तर त्यांनी हा क्षण घ्यावा : तायांगने टोमणे गिळले आणि तो मागे हटला.

आणखी एक चूक नेहमी दिसते : जानेवारीत आयराग, म्हणजे घोडीच्या दुधाची आंबवलेली ताकासारखी पेयं, पिणारे सैनिक. घोडी उन्हाळा ते शरद एवढाच काळ दूध देते, तेही दिवसाला दीड-दोन लिटर आणि अनेक वेळा पिळून. हिवाळ्यात वाळवलेलं मांस आणि सुकवलेलं दही दाखवा.

पावसाबद्दलही सांगतो. खांगाई पर्वतातल्या जुन्या झाडांच्या वर्षावलयांवरून दिसतं की ११८० च्या दशकात तिथे कडक दुष्काळ होता आणि १२११ ते १२२५ ही वर्षं नेहमीपेक्षा ओली आणि उबदार होती. दुष्काळात टोळ्या एकमेकींची गुरं मारतात. पुढे गवत भरपूर झालं तेव्हा घोडे वाढले. हे पावसाचं दान तेमुजिनच्या नावाने आलेलं नव्हतं. वांग खान गादीवर असता तरी ते गवत उगवलंच असतं, त्यामुळे कुणीही जिंकलं तरी १२११ नंतर दक्षिणेकडे जिनला त्रास होणार, हे धरून चाला.

प्रश्न : तेमुजिनच्या प्रतिस्पर्ध्यांपैकी कुणी प्रत्यक्षात राज्य केलं का? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, ता. आमगाव, जि. गोंदिया)

उत्तर : केलं, कुचलुगने. बाप तायांग पडल्यावर तो पश्चिमेला पळाला, मध्य आशियातल्या कारा खिताई राज्याच्या दरबारात आसरा घेतला, तिथली राजकन्या केली आणि १२११ साली सासऱ्याचीच गादी बळकावली. काश्गरचे लोक ऐकेनात तर सलग काही वर्षं सुगीच्या दिवसांत फौज पाठवून उभी पिकं जाळली. मुसलमानांवर धर्म सोडायची सक्ती केली. १२१८ साली चंगीझखानाचा सेनापती जेबे फौज घेऊन आला आणि 'ज्याने त्याने आपला धर्म पाळावा' एवढं जाहीर केलं. गावोगावच्या लोकांनी कुचलुगचे शिपाई स्वतःच कापले. बदख्शानच्या डोंगरात तो सापडला आणि मारला गेला. 'तेमुजिन नसता तर स्टेपला सौम्य राजा मिळाला असता' असं ज्यांना वाटतं त्यांनी या सात वर्षांकडे बघावं.

लिहिणं-वाचणं प्रतिस्पर्ध्यांकडे आधीपासून होतं, हेही टिपून ठेवा. १२०४ साली नायमानांचा उइगुर मुद्राधारी तातातुंगा राजमुद्रा हातात धरून पळताना सापडला. मंगोलांनी उइगुर लिपी घेतली ती त्याच्याकडून.

प्रश्न : हे सगळं तिकडचं झालं. अचलपूरकडच्या माणसाला याचं काय? इकडे काही बदललं असतं का? (निवृत्त तलाठी, ता. अचलपूर, जि. अमरावती)

उत्तर : तुमच्या गावावरून एक फौज गेली होती, म्हणून हा प्रश्न रास्त आहे. १२९६ साली अलाउद्दीन खिलजी कडा-माणिकपूरहून निघून एलिचपूरवरून, म्हणजे अचलपूरवरून, देवगिरीवर आला. वाटेत अशी हूल उठवली की चुलत्याशी बिनसल्यामुळे तो राजमहेंद्रीला नोकरी शोधायला चालला आहे. पण ती स्वारी मंगोलांमुळे नव्हती. त्याला चुलत्याची गादी घ्यायला पैसा हवा होता. मंगोल नसते तरी ती झाली असती असं आम्हाला वाटतं.

त्यानंतरचं मात्र मंगोलांना जोडलेलं आहे. १२९९ साली मंगोल सरदार कुतलुघ ख्वाजा दिल्लीच्या दारात आला, १३०३ साली तार्घीने वेढा घातला. एवढी मोठी कायम फौज पोसायची म्हणून अलाउद्दीनने धान्य, कापड, घोड्यांचे भाव बांधले आणि दक्षिणेच्या खंडणीकडे डोळे लावले. उत्तरेला तो दबाव नसता तर दख्खनवर एवढ्या फौजा वारंवार आल्या असत्या का, हा प्रश्न तुमच्या कथेला चांगला आहे.

पण दबाव अजिबात नसता असं धरू नका. १२१८ साली मध्य आशियातल्या ख्वारझम राज्याच्या ओत्रार शहरातल्या सुभेदाराने मंगोलांचा व्यापारी काफिला कापला, मग ख्वारझम बुडालं, आणि तिथला शहजादा जलालुद्दीन १२२१ साली पळत सिंधूपर्यंत आला. दिल्लीच्या इल्तुतमिशने त्याला आसरा दिला नाही. वांग खानाच्या जगात हा काफिला निघत नाही, ख्वारझम शाबूत राहतं. त्याचा शाह महंमद याने १२१५ पर्यंत गझनी घेतलीच होती आणि १२१७ साली तो बगदादवर निघाला होता, डोंगरातल्या बर्फाने परतवला. असा शेजारी दिल्लीला सुखाने राहू देणारा नाही. वायव्येचं संकट राहिलंच असतं, फक्त ते फारसी बोललं असतं.

देवगिरीत त्या काळात सिंघण यादव होता (सुमारे १२१० ते १२४६) आणि यादवांची सत्ता चढती होती. ती निदान पन्नास-साठ वर्षं तशीच चालली असती; त्यापलीकडचा अंदाज करू नये. बाबर तर सोडूनच द्या : त्याची आई चंगीझखानाच्या चगताई शाखेतली. तेमुजिन १२०३ ला मेला की बाबर जन्मत नाही, आणि १५९६ साली वऱ्हाड अकबराकडे गेलं तेही तसं जात नाही. मूळ कारण इतकं मागे असलं की पुढची प्रत्येक तारीख निसटते, म्हणून कथा शंभर वर्षांच्या आत संपवलेली बरी.

प्रश्न : आश्रमशाळेच्या स्नेहसंमेलनात जमुखाच्या गुरखान होण्याचा प्रवेश बसवतोय. सामान बांबू आणि जुनी कांबळी एवढंच आहे. काय काळजी घ्यावी? (कलाशिक्षक, ता. धानोरा, जि. गडचिरोली)

उत्तर : बांबू तुमच्याकडे उत्तम मिळतो, तेव्हा तंबू खरा करा. मंगोल तंबूची, गेरची, भिंत म्हणजे घडी होणारी जाळी. सहा फुटी, इंचभर रुंद कमच्या घ्या, दर नऊ इंचांवर भोक, एक थर डावीकडे तिरपा आणि दुसरा उजवीकडे, प्रत्येक फुलीवर सुतळीची गाठ. ताणून भिंत पाच फूट उंच ठेवा. ओल्या बांबूला गिरमिटाने भोक पाडलंत तर वाळताना तो त्याच रेषेत चिरतो. तापवलेल्या सळईने भोक जाळा. गाठी करकचून आवळल्यात तर जाळी उघडत नाही, बोटभर सैल ठेवा. रंगमंचाला अर्धंच गेर पुरे.

खऱ्या गेरवर नमदा असतो : लोकर झोडून थर देतात, गरम पाणी शिंपडतात, दांड्यावर गुंडाळतात आणि घोड्यामागे ओढून घट्ट करतात. घोंगडी विणलेली असते, तिच्या घड्या पडतात; पांढुरकी जाड कांबळी ताणून शिवा म्हणजे नमद्यासारखी दिसतील.

गेरचं दार दक्षिणेला. प्रेक्षकांना दक्षिणेला धरलंत तर ते दारातूनच आत बघतात, आणि मग सगळं जागच्या जागी बसतं : समोर उत्तरेला मानाची जागा, तिथे जमुखा, प्रेक्षकांच्या डावीकडे पश्चिम, म्हणजे पुरुष, उजवीकडे बायका, मध्ये चूल. उंबऱ्यावर पाय देऊन कुणाला आत आणू नका, तो मोठा अपमान होता.

पोशाखात हमखास होणारी चूक म्हणजे मंगोलांना मोगल करणं. फेटे, दाढ्या, हिरवे झेंडे नकोत. हे लोक तेंग्री, म्हणजे आकाश, मानणारे. केराइतांत ख्रिस्ती बरेच. 'खान' ही पदवी, धर्म नाही. अंगात लांब अंगरखा, तो उजव्या कुशीला बांधलेला, कमरेला शेला, डोक्यावर लोकरीची टोपी. नऊ शेपट्यांचा पांढरा झेंडा १२०६ च्या तेमुजिनचा आहे, जमुखाच्या प्रवेशात लावू नका. पुढे तेमुजिनचा प्रवेश घेतलात तर अंबाडीच्या न रंगवलेल्या वाखाच्या नऊ झुबक्या बांबूच्या कड्याला बांधून तो छान होतो.

घोडा-घोडीचा बळी पडद्याआड ठेवा, सरदारांनी फक्त वाटी हातात घेऊन शपथ म्हणावी. जमुखाचा शेवट दाखवणार असाल तर तलवार नको : १२०५ च्या सुमारास त्याच्याच पाच माणसांनी त्याला बांधून आणलं, तेमुजिनने धन्याशी बेइमानी केली म्हणून आधी त्या पाचांना मारलं, आणि जमुखाने मागितल्याप्रमाणे त्याला रक्त न सांडता मरण दिलं.

धनुष्यांचं एक. खरं मंगोल धनुष्य लाकूड, शिंग आणि स्नायूंचे धागे सरसाने चिकटवून केलेलं. ते दमट हवेत ढिलं पडतं. तुम्हाला बांबूचं चार फुटी पुरे, टोकं विस्तवावर शेकून पुढे वळवा. दोरी बांधा ती सैल, आणि मुलांच्या हातात बाण देऊ नका. कमरेला लटकवलेल्या भात्यात नुसती पिसं लावलेल्या काड्या खोचा, त्याही सुतळीने भात्याला बांधून.